सरांचा ग्लास रॉड

बीएस्सी झाल्यावर मला अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत अप्रेंटिस म्हणून घेतलं. वर्षाची बोली होती. वर्ष संपलं की ज्यांच्या हाताखाली काम केलं ते अहवाल लिहिणार आणि त्यावरून कायम करायचं की घरी बसवायचं ते ठरणार. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आजूबाजूच्या कंपन्या परदेशात शोधलेलीच औषधं आपल्या पद्धतीनं बनवायच्या. आमच्या विभागात मात्र नवीन संयुगं तयार करत, सुजेवर काही लागू पडतं का बघायला. नशीब असेल तर ते संयुग मुंबईला उंदरांवर तपासायला जायचं. बहुतेकांचं नशीब नसायचं.

माझे सर रिटायर व्हायला सव्वा वर्ष राहिलं होतं. शांत माणूस, जाड भिंगाचा चष्मा. तीस वर्षं काम करून त्यांचं एकही संयुग उंदरांपर्यंत पोचलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल इतर लोक त्यांच्या पाठीमागे काय काय बोलायचे ते मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं. त्या वर्षी मात्र त्यांचं एक निवडलं गेलं. पहिल्या खेपेला जेमतेम चिमूटभर झालं होतं, तेही सगळं तपासण्यांत संपलं. आता पाच ग्रॅम पाठवायचं होतं, स्वच्छ पांढरे स्फटिक. शुक्रवारी दुपारी कंपनीची गाडी निघणार होती. त्या गाडीत बाटली गेली नाही तर जागा दुसऱ्याच्या संयुगाला.

आता माझ्या शहाणपणाबद्दल. आम्ही जवळच कात्रपला राहायचो. आजोबांच्या वेळी आम्ही बौद्ध झालो, आणि तेव्हापासून आमच्या घरात स्वच्छतेचं जरा अतीच होतं. आई म्हणायची, "आपल्याकडे आलेला माणूस आधी पेल्याकडे बघतो, मग तोंडाकडे." त्यामुळे आमचे पेले असे लखलखीत की त्यात भांग पाडावा. मी प्रयोगशाळेत गेले ती हेच डोक्यात घेऊन. माझ्या टेबलाकडे कुणी बोट दाखवता कामा नये. सिंधी निर्वासितांच्या कॅम्प दोनमधल्या टेलरकडून दोन अ‍ॅप्रन शिवून घेतले होते, एक अंगावर, एक धुवायला. फ्लास्क तर मी दोनदा घासायची. लोक हसायचे. हसू देत, म्हटलं.

सोमवारी सर मीटिंगला गेलेले असताना मी त्यांचं टेबल आवरायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, हौस. तिथे एका टेस्ट ट्यूबमध्ये द्रावण ढवळायचा त्यांचा ग्लास रॉड उभा असायचा. हाताला जरा खरखरीत, चिकट लागला. इतक्या मोठ्या माणसाच्या टेबलावर असली घाण? मी तो अ‍ॅसिडमध्ये बुडवला, साबणानं धुतला, डिस्टिल्ड पाण्यातून काढला आणि होता तसा परत ठेवला. मनात स्वतःची पाठसुद्धा थोपटली.

मंगळवारी सरांचं पाच ग्रॅम तयार झालं, पण घट्ट होईना. फ्लास्कच्या तळाला मधासारखं पिवळट तेल, आणि ते तसंच. सरांनी बर्फात ठेवलं. मग रॉड उचलला आणि त्यानं फ्लास्कची आतली बाजू खरवडायला लागले. मी शेजारीच उभी होते, म्हणून त्यांनी शिकवायचं म्हणून सांगितलं, "या रॉडला मागच्या खेपेचे कण चिकटलेले आहेत. डोळ्याला दिसत नाहीत. दुधाला विरजण लावतात ना, तसं. एक कण पुरतो, बाकीचं त्याच्याकडे बघून घट्ट होतं. म्हणून हा मी कधी धुत नाही."

तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण मी "हो सर" म्हणाले आणि नळाकडे गेले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पुढचे दोन दिवस सर माझ्याकडे नुसते वळले तरी मला वाटायचं, कळलं. त्यांना काही कळलं नव्हतं. ते खरवडत होते, गार करत होते, द्रावक बदलून बघत होते. मी शेजारी बसून हिशेब करत होते, रसायनाचा नाही, स्वतःचा. सांगितलं तर अहवाल बिघडणार. अहवाल बिघडला तर घरी. आणि घरी जाताना लोक काय म्हणतील तेही मला पाठ होतं, कारण तसलं आमच्या घरानं आधी ऐकलेलं होतं. एक मन म्हणायचं, होईल ग आपोआप घट्ट. तेल काही माझं ऐकत नव्हतं.

गुरुवारी जेवणानंतर सरांनी फ्लास्क बाजूला ठेवला आणि कागद पुढे ओढला. मी विचारलं, "काय लिहिताय सर?"

"संयुग मागे घेतोय," ते म्हणाले. "रॉड लावूनही घट्ट होत नाही म्हणजे हे ते नव्हेच. मागच्या वेळी मी जे पांढरं काढलं ते दुसरंच काहीतरी असणार. चूक माझीच. हात गेले आता माझे." आणि आपले दोन्ही हात त्यांनी कागदाच्या दोन बाजूंना ठेवून असे पाहिले की मला बघवेना.

मी म्हणाले, "सर, रॉड मी धुतला. सोमवारी."

त्यांनी चष्मा काढला. मग विचारलं, "मंगळवारी मी सांगितलं, तेव्हा तुला समजलं होतं?"

"हो."

"धुतलास त्याचं काही नाही. का धुवायचा नाही ते मीच आधी सांगायला हवं होतं. पण तीन दिवस?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. मला रडू आलं, तर म्हणाले, "ते नंतर. वितळणांक काढलेल्या नळ्या कुठे टाकतेस?"

पदार्थ किती तापमानाला वितळतो ते बघायला केसासारख्या काचेच्या नळ्यांत कणभर भरतात. वापरून झाल्या की त्या फुटकी काच टाकायच्या डब्यात जातात, आणि तो डबा भरल्याशिवाय कुणी रिकामा करत नाही. मी डबा कागदावर पालथा केला. चाळीसेक नळ्या निघाल्या, सगळ्या सारख्या. त्यात मागच्या खेपेची कुठली, देव जाणे. सरांनी काचेच्या बशीवर तेलाचे थेंब ओळीनं टाकले आणि मी एकेक नळी मोडून एकेका थेंबात तिचं टोक बुडवत गेले. दुसऱ्या बशीतला एक थेंब कडेनं पांढरा व्हायला लागला. मग मधोमध. सरांनी तो तसाच खरवडून फ्लास्कमध्ये टाकला, आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. अर्ध्या तासात फ्लास्क घट्ट पांढरा झाला होता. वितळणांक मागच्या खेपेचाच आला.

शुक्रवारी बाटली गाडीतून गेली.

वर्षअखेर त्यांनी माझा अहवाल लिहिला. काम चोख, निरीक्षण चांगलं वगैरे, आणि खाली एक ओळ: चूक तीन दिवस लपवली, नंतर स्वतःहून सांगितली. त्या ओळीपायी मला कायम करणं सहा महिने लांबलं. मी भयंकर चिडले. जाऊन विचारलंच, "सर, ही ओळ नसती लिहिली तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "तू खरं सांगितलंस म्हणून माझा माघारीचा कागद फाटला. आता तुझ्या कागदावर मी खोटं लिहू?" माझा राग मात्र गेला नाही, तो मी बरेच दिवस ठेवला.

मुंबईहून निकाल आला तो त्यांच्या शेवटच्या आठवड्यात. सूज उतरली नव्हती, उंदरांना काडीचा फरक पडला नव्हता. तीस वर्षांतलं त्यांचं ते एकच. पत्र वाचून त्यांनी माझ्याकडे सरकवलं. माझा राग तिथेच संपला. मी म्हणाले, "सर, फार वाईट झालं."

"उंदरांनी नापास केलं ना? चालेल," ते म्हणाले. "त्या गुरुवारी मी स्वतःलाच नापास करून बसलो होतो."