पुस्तकावर टाकलेला रुमाल

परंड्याच्या आमच्या वाचनालयात नर्सिंगचं एक पुस्तक फक्त संगणकावर आहे. कंपनीची अट अशी, की एका वेळी एकानंच वाचायचं. दहा मिनिटं हात लावला नाही, की पुस्तक आपोआप मिटतं आणि दुसऱ्याला मिळतं.

एक आजोबा रोज मी कुलूप काढायच्या आधी पायरीवर हजर. माझ्याकडून पुस्तक उघडून घ्यायचे, कीबोर्डवर रुमाल टाकायचे आणि डोळे मिटून बसायचे. मधूनच एका बोटानं माउस हलवायचे, पाळण्याची दोरी ओढावी तसा.

एकदा मी चिडलो. "आजोबा, वाचत नाही तर अडवता कशाला?"

"सून सैपाक उरकून दुसऱ्या गाडीनं येतीय. तिची परीक्षा हाय. एस्टीत न्हाय का आपण रुमाल टाकून जागा धरत?"

मी कराराची सगळी पानं पुन्हा वाचली. रुमालाला कुठंच मनाई नव्हती.

पुढं वाचक कमी म्हणून ते पुस्तक बंद करायचं घाटत होतं. तेवढ्यात कंपनीचा अहवाल आला, की हे पुस्तक परंड्यात जितके तास उघडं असतं, तितके दुसरीकडं कुठंच नसतं. पुस्तक चालू राहिलं. सोबत 'सर्वोत्कृष्ट वाचक' असं प्रमाणपत्रही आलं. ते मी आजोबांच्या हातात दिलं.

"काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

आजोबा जरा विचारात पडले. मग उठून त्यांनी ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर नीट ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या हितंच," ते म्हणाले, "पुढल्या साली धाकटी सून येतीय."