व्याह्यांची नदी

आमचे आप्पा मद्रास राज्याच्या मत्स्य खात्यात होते. चातुर्मासात घरात कांदासुद्धा यायचा नाही, आणि आप्पांचा सगळा जीव माशांत. ऑफिसातून आले की विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय आई त्यांना स्वयंपाकघराकडे फिरकू देत नसे.

तंजावुरात मराठी घरं थोडी, म्हणून सोयरिकी लांब जात. माझी थोरली बहीण, अक्का, म्हैसूरला दिली. तिचे सासरे तिथल्या पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. कावेरी आधी त्यांच्या राज्यातून वाहते, मग आमच्या. आप्पांना ही सोयरीक म्हणजे सोन्याहून पिवळं वाटली. उन्हाळ्यात तिरुवैयारुजवळ नदीची नुसती वाळू होई. मासे तग धरत ते डोहांत, आणि डोह आटले की पुढच्या पुरासाठी वीणच उरत नसे. वरून म्हैसूरनं वैशाखात थोडं पाणी दिलं, तर आपलं राज्य ते पुढं सोडील आणि डोह जगतील, हा आप्पांचा ध्यास.

दिवाळसणाला जावयाबरोबर व्याहीही आले. पंगतीत आप्पांनी विषय काढलाच.

"इतकंच की! उन्हाळ्यात बघू. तुमच्या मासोळ्या त्या आमच्या नव्हेत काय?" व्याही सांबाऱ्यात भात कालवत म्हणाले.

आमच्यात लग्नं, जमिनीच्या वाटण्या, देवळातल्या पाळ्या, सगळं पंगतीतच ठरे आणि तो शब्द कोणी मोडत नसे. सुट्टी संपताच आप्पांनी ऑफिसात सांगून टाकलं, म्हैसूरकडचं माझ्यावर सोडा. दोन सरकारांमधली नदी त्यांनी तूप वाढता वाढता सोडवली होती!

उन्हाळ्यात दोन्ही राज्यांचे अधिकारी बंगलोरला भेटले. आप्पा कोरं धोतर नेसून गेले. तिथं व्याह्यांनी इंग्रजीत सांगितलं की माशांसाठी पाणी नाही, आणि मद्रासच्या या गृहस्थांना कोणी कबूल केलं ते आपल्याला ठाऊक नाही. परतीच्या गाडीत आप्पांच्याच साहेबांनी त्यांची टर उडवली. खरं तर त्या साली म्हैसूरच्या शेतांनाच पाणी पुरत नव्हतं. व्याह्यांच्या घरच्या रांजणातलं थोडंच होतं ते? पण पंगतीत तसं सांगायला त्यांची जीभ काय झिजली असती!

डोह आटले. तिरुवैयारुहून आप्पा आले की अंगाला कुजका वास येई, आंघोळीनंही जात नसे.

अक्काला तेव्हा सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी आणि न्यायला बापानं जायचं, ही आमची रीत. आईनं डिंक-सुंठ आणून ठेवली, पाळणा पुसून घेतला. आप्पा म्हणाले, "त्या घरचा उंबरा मी चढणार नाही. त्यांनी आणून सोडावं." तिकडून निरोप आला, रीतीप्रमाणं बापानं यावं.

"मासोळ्या मेल्या म्हणून लेकीला सोडता की काय हो?" आई म्हणाली. आप्पा पानावरून उठून गेले. आई एकटी निघाली, तर तिलाही त्यांनी अडवलं. मला दोघा म्हाताऱ्यांचा असा संताप आला होता की वाटे, एकेकाला त्या कोरड्या डोहात नेऊन बसवावं.

नववा लागेपर्यंत अक्का ट्रंक भरून बसली होती. तिच्या नणंदेनं मला हे पुढं सांगितलं. मुलगी झाली ती म्हैसूरलाच.

पुढल्या साली दोन्ही राज्यांची पुन्हा बैठक झाली. त्या वर्षी पाऊस बरा होता. डोहांसाठी थोडं पाणी सोडायचं ठरलं, आणि आप्पा व व्याही एका बाकावर बसून कॉफी प्याले. आप्पा हसत घरी आले. "व्याही म्हणजे देवमाणूस," असं आईला सांगून त्यांनी अक्काला दिवाळीचं बोलावणं धाडलं.

अक्का आली नाही. त्या दिवाळीला नाही, नंतरही नाही.

"तुझी अक्का भारीच हट्टी निघाली बघ," आप्पा मला म्हणाले, आणि पानात आणखी भात मागितला.