अकराव्या मशीनचं टोपण

मला ते सर पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत. त्यांनाही मी आवडले नाही. निदान एवढ्या एका बाबतीत आमचं एकमत होतं.

औरंगाबादला कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम पुरा करून मी दिंद्रुडला घरी परतले होते. एसटीडीच्या पिवळ्या पाट्यांच्या शेजारी कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागायला लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मला काम मिळालं. वडील कपाळाला विभूती लावून किराणा दुकानात बसायचे. गिऱ्हाइकांना ते सांगायचे, "पोरगी प्रोफेसर झाली." मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

कॉलेजात अकरा कॉम्प्युटर होते आणि त्यांच्या खोलीची किल्ली फिजिक्सच्या सरांच्या खिशात असायची. सर पन्नाशी ओलांडलेले, करड्या सफारीतले, आवाजाचे मोठे. सहा वर्षं ती खोली त्यांच्या ताब्यात होती. चपला बाहेर. दर गुरुवारी प्रत्येक मॉनिटरपुढं उदबत्ती. मुलांनी पाठीमागं हात बांधून उभं राहायचं आणि सर एक मशीन चालू करून दाखवायचे ते बघायचं. बाकीच्या दहा मशीनवरचे गवसण्या-रुमाल मी जाईपर्यंत कुणी नीट काढले नव्हते.

मी गेल्यावर ते काढले. मुलांना बसवलं. मुलांनी घरून, मित्राकडून, बीडच्या क्लासमधून फ्लॉप्या आणल्या आणि त्यांतून व्हायरस आला. एका सकाळी सात मशीन उठलीच नाहीत. सर दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, हे चालत होतं. तुमी हात लावला आन बंद पडलं."

पुढं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की त्यांनी तोंड उघडायच्या आत मला ते ऐकू यायचं.

ज्या दुकानदारानं मशीन दिली होती, त्याच्याकडं सिस्टीमची सीडी नव्हतीच. त्यानंही ती कुठून तरी नक्कल करून टाकलेली. येतो येतो म्हणत महिना गेला. माझ्याकडं एका मासिकासोबत आलेली लिनक्सची, म्हणजे फुकट वाटता येणाऱ्या एका वेगळ्या सिस्टीमची, सीडी होती. औरंगाबादला मी ते थोडंफार शिकले होते. प्राचार्यांना विचारलं, ते म्हणाले, "चालू करा म्हणजे झालं." मी अकराही मशीनवर लिनक्स टाकलं.

पहिल्याच दिवशी पडदे काळे. अक्षरं दिसायची, पण चित्रांचा डेस्कटॉप उघडायला गेलं की मॉनिटर शिट्टीसारखा बारीक आवाज करायचा आणि अंधार. मॉनिटर किती वेगानं पडदा रंगवू शकतो ते दोन आकडे लिनक्सला सांगावे लागायचे. ते आकडे मॉनिटरसोबत आलेल्या पुस्तिकेत होते आणि पुस्तिका सरांच्या कपाटात.

"सर, फक्त एक पान बघायचंय."

"ती ऑफिशियल कागदपत्रं हायेत. अर्ज करा."

मी अर्ज केला. त्यांनी तो प्राचार्यांकडं पाठवला, प्राचार्यांनी 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहून त्यांच्याकडंच परत पाठवला. कपाट उघडलं नाही. मग मी सगळ्यात लहान, सगळ्यात सुरक्षित आकड्यांपासून सुरुवात केली. पडद्यावर बटणं पानपट्टीच्या पाटीएवढी दिसली, पण दिसली. तिथून एक एक पायरी वर चढत गेले, मॉनिटर शिट्टी मारायला लागला की एक पायरी उतरले. आठवडा गेला. पान बघायला दोन मिनिटं लागली असती.

मग प्रिंटर. हेडक्लार्कनं परीक्षेची एक यादी छापायला दिली. पहिली ओळ नीट आली. दुसरी ओळ पहिली जिथं संपली तिथून सुरू झाली, तिसरी त्याच्याही पुढून. नावं जिन्यासारखी उतरत उतरत कागदाबाहेर गेली. ओळ संपल्यावर नुसतं खाली यायचं नाही, डावीकडं परतही यायचं, हे त्या प्रिंटरला वेगळं सांगावं लागतं. ते मी दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि काम झालं. पण तोवर तो जिन्याचा कागद सरांनी स्टाफरूमच्या फळ्यावर टाचणीनं लावला होता. खाली खडूनं लिहिलेलं, 'नवीन तंत्रज्ञान'. सगळे चहा पिता पिता हसत होते. मी कागद काढला, चार तुकडे केले आणि सरांच्या टेबलावर ठेवले. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना नमस्कार करणंही सोडलं.

मी काही गरीब गाय नव्हते. ते वर्गात शिरले की मी मुद्दाम बाहेर पडायचे. मुलांसमोर त्यांच्या उदबत्तीची टिंगल करायचे. लाईट गेली आणि मशीन अचानक बंद पडलं की पुढच्या वेळी सुरू होताना लिनक्स सगळी डिस्क तपासत बसायचं, कधी कधी अर्धा तास. ते बघून सर म्हणायचे, "बघा, आजारी पडलं." मी म्हणायचे, "आजारी नाही सर, हिशेब जुळवतंय. काही माणसांना तेवढंही येत नाही."

त्या हिवाळ्यात आमच्याकडं विद्यापीठाची तपासणी समिती यायची ठरली. काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला कारखान्यांवर गेली होती, राहिलेल्यांना मी तयार केलं. मशीन एकमेकांना जोडली होती. एक काळी गोल केबल पहिल्या मशीनपासून अकराव्यापर्यंत, प्रत्येकाच्या पाठीला टेकत गेलेली. मुलांची कामं पहिल्या मशीनवर राहायची आणि कुठल्याही मशीनवर बसून उघडायची. समितीला हेच दाखवायचं होतं. या केबलची एक अट असते. दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढं पितळी टोपण लागतं. त्याला टर्मिनेटर म्हणतात, आत पन्नास ओहमचा रोध असतो. एक टोपण नसलं तरी नुसतं ते मशीन नाही, अख्खी साखळी मुकी होते.

सोमवारी समिती येणार होती. सकाळी नऊला शिपाईमामांनी सरांकडून किल्ली आणून दिली आणि मी खोली उघडली. रंगाचा ताजा वास येत होता. मशीन सुरू केली आणि एकाही मशीनला दुसरं सापडेना.

आधी मी नको तिथं शोधलं. पत्ते तपासले, बरोबर होते. कार्ड ओळखलं गेलंय का बघितलं, गेलं होतं. प्रत्येक मशीन स्वतःला हाक मारली की ओ देत होतं, शेजाऱ्याला हाक मारली की गप्प. दोन मशीन बंद करून पुन्हा चालू केली. तेवढ्यात दहा वाजले. प्राचार्य आले, हेडक्लार्क आला, शिपाईमामा पाण्याचे ग्लास घेऊन उभे. सर दारात हाताची घडी घालून उभे होते.

"मॅडम, हे चालत होतं," त्यांनी सुरुवात केली.

मी ऐकलं नाही. पदर खोचला आणि टेबलांखाली शिरले. पहिल्या मशीनपासून एक एक जोड हातानं चाचपत, पिरगाळत, जाळ्या-जळमटांतून अकराव्यापर्यंत रांगत गेले. अकराव्याच्या पाठीमागं केबलचं टोक उघडं होतं. टोपण नव्हतं.

मी टेबलाखालून बाहेर आले तेव्हा माझ्या केसांत कोळिष्टकं होती आणि डोक्यात एकच नाव.

"टोपण कुठंय?" मी सरांना विचारलं.

"कसलं टोपण?"

"नाटक करू नका. शेवटच्या मशीनचं टोपण तुम्ही काढलंय. तुमच्याशिवाय किल्ली कुणाकडं आहे?"

"मॅडम, मी कावून काढू? मला त्यातलं काय कळतंय?"

"कळत नाही म्हणूनच तर काढलंत. सहा वर्षं पोरांना मशीनला हात लावू दिला नाही, आता दुसऱ्यानं लावू दिला तर तुमच्या पोटात दुखतंय. तुम्ही मास्तर नाही, कुलूप आहात."

शिपाईमामांनी ग्लासांचा ट्रे खाली ठेवला. सरांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

प्राचार्य म्हणाले, "नंतर बघू ते. आता काय करायचं?"

"पन्नास ओहमचं टोपण पाहिजे. ते औरंगाबादेत मिळतं, इथं नाही."

सर वळले आणि निघून गेले. मला वाटलं, पळाले. दहा-बारा मिनिटांनी ते परत आले. हातात दोन छोटे रोधक होते, शेजारी शेजारी डाग देऊन जोडलेले, अजून गरम. तपकिरी, काळा, तपकिरी पट्टे, म्हणजे प्रत्येकी शंभर ओहम. शंभर ओहमचे दोन समांतर जोडले की पन्नास होतात, हे अकरावीच्या पुस्तकात असतं. माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं.

ते सरळ आत शिरले. सफारीचे गुडघे नव्या रंगाच्या डागांवर टेकवून अकराव्या टेबलाखाली बसले. एक तार केबलच्या जोडाच्या मधल्या भोकात घातली, दुसरी बाहेरच्या धातूला गुंडाळली आणि वरून काळी पट्टी मारली. उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला.

मी पहिल्या मशीनवरून हाक दिली. अकराव्यानं ओ दिली.

समिती आली, बघून गेली. पहिल्या मशीनवर एका मुलीनं काढलेला तक्ता आठव्या मशीनवर उघडला तेव्हा समितीतले एक जण मान हलवून म्हणाले, "ग्रामीण भागाच्या मानानं उत्तम." मला त्यांचाही राग आला.

संध्याकाळच्या एसटीत बसले. कंडक्टरनं पास मागितला. डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला आणि बोटाला काहीतरी गार लागलं. पितळी टोपण.

तेव्हा आठवलं. शनिवारी रंगारी आले होते. शेवटचं टेबल भिंतीपासून ओढायचं होतं. टोपण रंगाच्या डब्यात पडेल म्हणून मीच ते काढलं आणि कप्प्यात टाकलं. मग लाईट गेली, बसची वेळ झाली, मी घरी गेले. माझ्या डोक्यातून ते साफ गेलं होतं.

कंडक्टर म्हणाला, "ताई, पास." मी पास दाखवला.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्राचार्यांना लेखी दिलं. 'माझ्यावर सगळ्यांसमक्ष खोटा आळ घेतला आहे, चौकशी व्हावी.' प्राचार्यांनी मला बोलावलं. समितीमुळं ते माझ्यावर खूश होते. अर्ज पुढं सरकवून म्हणाले, "तुमचं काय म्हणणं?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडापर्यंत आलंही. मग मला फळ्यावरचा जिना आठवला, कपाट आठवलं, ते चहा पीत हसणारे आठवले. मी म्हणाले, "मला जे म्हणायचं ते मी काल म्हटलंय."

त्यांनी अर्ज फाईलला लावला. आठवड्याभरात खोलीची किल्ली माझ्याकडं आली. शिपाईमामा ती द्यायला आले तेव्हा म्हणाले, "सरांनी दोनदा इचारलं, आदेश लेखी हाय का म्हणून. मंग दिली." मी ती घेतली आणि पदराला बांधली.

चार वर्षं ती खोली मी चालवली. सरांनी पुन्हा तिथं पाऊल ठेवलं नाही. ते माझं काम आता वेगळ्या तऱ्हेनं अडवायला लागले. माझ्या तासाच्या वेळी फिजिक्सचं प्रॅक्टिकल लावायचे, माझी हजेरी उशिराची धरायचे, नेमणूक पुढं चालू ठेवायच्या बैठकीत दरवर्षी विरोध नोंदवायचे. आता त्यांना कारण होतं. मीही जशास तसं वागले. कारण नसताना. खरं टोपण मी घरी पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. ते परत लावलं असतं तर कुठून आलं ते सांगावं लागलं असतं.

मग सर निवृत्त झाले. कॉलेजात निरोपाचा कार्यक्रम ठेवला. शाल, नारळ, भाषणं. माझ्यावर बोलायची पाळी आली तेव्हा मी म्हणाले की सर शिस्तीचे होते. टाळ्या वाजल्या. नंतर चिवडा-पेढ्याच्या ताटल्या घेऊन लोक पांगले, तेव्हा ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा.

"मॅडम, आज जातोय म्हणून सांगतो. ते टोपण मी काढलं न्हवतं."

"माहीत आहे."

"कवापास्नं?"

मला खोटं बोलता आलं असतं. तसंही चार वर्षं मी तेच करत होते. "त्याच दिवशी. संध्याकाळी. माझ्याच पिशवीत होतं."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर मी काहीतरी बोलले असते, माफीसारखं. त्यांनी हातातली पेढ्याची ताटली खिडकीत ठेवली. रुमालानं बोटं पुसली.

"माझ्या मुलीच्या सासऱ्यापर्यंत गेलतं ते," ते हळू म्हणाले. "व्याह्यानं मला इचारलं होतं, मशीनचे पार्ट विकले का म्हणून."

ते वळून गेले. मी तिथंच उभी राहिले, ताटली हातात धरून.

शेवटी सगळ्यांचा फोटो होता. खुर्च्या मांडल्या होत्या, आणि माझी नेमकी त्यांच्या शेजारी आली होती. मी बसायला गेले तसं त्यांनी शिपाईमामांना हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही खुर्ची तिकडं कडेला न्या." मामांनी माझ्याकडं बघितलं. मी खुर्ची स्वतःच उचलली, ओळीच्या टोकाला नेऊन ठेवली आणि बसले.