आयका

चिकलठाण्याच्या जुन्या गाण्यांच्या रेडिओ स्टेशनवर सुकेशनी निवेदिका म्हणून लागली आणि पहिल्याच सकाळी माईकवर म्हणाली, "आता हे गाणं आयका."

मॅनेजरसाहेबांनी कपाळाला हात लावला. शहरातली माणसं हसतील म्हणून त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत 'ऐका' लिहून तो माईकसमोर चिकटवला. सुकेशनीनं तो वाचला, "व्हय साहेब" म्हणाली आणि पुढच्या गाण्याला पुन्हा "आयका"च म्हणाली.

साहेब खवळले. पण तीही मेंढपाळाची पोर. "माझा बाप वेरूळच्या माळावर गळ्यात रेडिओ अडकवून मेंढरं चारतो. ऐका म्हणलं तर त्याला वाटंल, दुसऱ्याच कुणाची पोरगी बोलतीय."

नोकरी जाता जाता वाचली. शब्द मात्र हलला नाही, पुढं बारा वर्षं.

मग स्टेशन नव्या मालकांनी घेतलं. गाणी कॉम्प्युटर लावू लागला आणि निवेदकांना घरी बसवलं; मॅनेजरसाहेब तेवढे राहिले. सुकेशनी घरी बसली नाही. रोज दहाच्या ठोक्याला येऊन स्टेशनच्या बाकावर बसायची. आठवड्यात फोन सुरू झाले. हर्सूलची एक म्हातारी तर साहेबांवरच डाफरली, "गाणी वाजतेत, पण आयका कुणीच म्हणत नाय. रेडिओ बिघडला का काय?"

महिनाभरानं सुकेशनीला आत बोलावलं. माईकसमोर नवा कागद होता. त्यावर साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'आयका'.

तिनं तो ओढून काढला आणि चुरगाळून टोपलीत टाकला.

"मला लिहून द्यावं लागत नाय," ती म्हणाली आणि माईक सुरू केला.