बातमीचं शेवटचं वाक्य

शेजारच्या काकांचा मृत्यू मागच्या उन्हाळ्यात, एका शनिवारी सकाळी, आयसीयूत झाला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. डॉक्टरांनी गुरुवारी सुचवलेलं एक जादा औषध काकूंनी नाकारलं होतं. त्यांच्या पर्समध्ये माझ्या बातमीचं कात्रण होतं.

ती बातमी मी त्याच आठवड्यात, सोमवारी लिहिली होती. त्या औषधाची चाचणी अशाच अत्यवस्थ रुग्णांवर झाली होती. औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या रुग्णांच्या मृत्यूंत निश्चित म्हणावा असा फरक आढळला नाही, असं अहवालात होतं. पुढे हेही होतं, की रुग्ण कमी होते. औषधाने बराच फायदा होत असेल किंवा थोडं नुकसानही, आकडे दोन्ही शक्यता नाकारत नाहीत. हे मी शेवटच्या वाक्यात घातलं. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, हे मला पहिल्या नोकरीपासून माहीत आहे.

मंगळवारच्या अंकात ते वाक्य नव्हतं. मथळा होता, 'आयसीयूतील औषध निरुपयोगी'. मी डेस्कप्रमुखांना विचारलं.

"ऐनवेळी जाहिरात आली न मॅडम. शेपूटच कापल्या जाते. तुमाले काय पीएचडी छापायची होती?"

मी हसले. खुलासा छापायला सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी हॉस्पिटलमधून काकूंचा फोन आला.

"बाई, डॉक्टर म्हणते देऊन पाहू, पण ग्यारंटी नाही. तूच तं लिहिलं न, कामाचं नाही म्हणून? मंग काहून देऊ वं? आधीच टोचून टोचून चाळणी करून ठेवली त्याईची."

"बातमी बरोबर आहे," मी म्हणाले.

फोन मिनिटभरही चालला नाही.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं, औषधाने काका वाचले असते का.

"एका माणसाबद्दल हे कोणतीच चाचणी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "फरक सिद्ध झाला नाही म्हणजे फरक नाहीच, असं नसतं. तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत होतं.

तेरवीच्या दिवशी काकूंनी मला पंगतीतून उठल्यावर थांबवलं. "बरं झालं वं बाई, तुले विचारलं. शेवटी सुया तरी कमी टोचल्या त्याईले."

कापलेल्या वाक्याबद्दल मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.