वहिनीची पितळी फुंकणी

दादाला जाऊन महिना झाला. भेटायला येणारा रडायला म्हणून येतो, चहा घेता घेता दादाच्या दुर्बिणीचा एक किस्सा सांगतो आणि हसून जातो. घरात आता इतके किस्से साचलेत, की मला रडायला जागाच मिळत नाही.

दादा उंद्रीच्या शाळेत मास्तर. मी चौथी नापास, सायकलचं दुकान चालवतो. त्याला चंद्राचा फोटो काढायचा होता. पण दुर्बिणीला कॅमेरा जोडला की डोळा लावायला जागा राहत नाही. म्हणून नेम धरायला शेजारी दुसरी नळी, आणि तिच्या टोकाला भिंग बसवायला पितळी तुकडा हवा होता.

मी विचार करत बसत नाही. चुलीजवळ वहिनीची माहेरची फुंकणी दिसली. वीतभर कापली, भिंग बसवलं, फटीत सायकलच्या ट्यूबचं रबर कोंबलं.

संध्याकाळी आखूड फुंकणीनं जाळ फुंकताना वहिनीच्या भुवया जळता जळता वाचल्या.

"भाऊजी, तुमच्या दादाचा चंद्र चूल पेटवते का?" मग दादाला म्हणाली, "त्या नळीले मी डोया लावनार नाई. जल्मात नाई."

दादा हसला, पण त्याला ते लागलं. रोज जेवताना विचारायचा, "आज पाहतं का वं?" वहिनी ताटात भाकर टाकायची, बस.

नळीत उजेड चमकू नये म्हणून मी आतून काजळी फासली. डोळा लावायच्या काठालाही लागली, ती कितीही पुसा, जाईना. दुपारी देवळाच्या कळसावर नेम जुळवताना अर्धं गाव पाहून गेलं. संध्याकाळी पारावर ज्याच्या त्याच्या एका डोळ्याभोवती काळं कडं! "पोरखेळ" म्हणणाऱ्या पाटलांच्याही.

दादा म्हणाला, "पाटील, तुमाले दिवसाच ग्रहन लागलं वाटते."

कळस जवळ, चंद्र लांब. कळसावर जुळवलेला नेम रात्री चंद्रावर चुकला. बुलढाण्याच्या फोटोवाल्यानं फिल्म धुतली, तर सात फोटो नुसते काळे आणि आठव्याच्या कोपऱ्यात चंद्राची कड.

"मास्तर, हे नख कोनाचं?"

दादानं तो फोटो फ्रेम करून माझ्या दुकानात टांगला. "नख तं नख. चिखली तालुक्यात दुसऱ्या कोनापाशी हाये?"

मग तो आजारी पडला. खाटेवरूनही विचारलं, "आज पाहतं का वं?"

वहिनीनं औषधाचा चमचा पुढं केला. "पहिले बरे व्हा."

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा मागायला गेलो. वहिनी आखूड फुंकणीनं चूल फुंकत होती.

"भाऊजी, नळीचं रबर ढिलं झालं. दुसरं लावा."

ती वळली. उजव्या डोळ्याभोवती काळं कडं होतं.