'अस्पष्ट'च्या रकान्यात मावशी

रेकॉर्डिंगला बसायच्या आधी मावशी उठून चूळ भरून यायच्या. "देवाफुडं आन् सरकारफुडं खरकट्या तोंडानं बोलू न्हाई," म्हणायच्या. मी सरकार नव्हे, तळेगावच्या एका कंपनीतली साधी नोकरदार, हे तीनदा सांगून झालं. त्यांनी मनावर घेतलं नाही.

बोललेलं ऐकून उत्तर देणारं एक यंत्र आमची कंपनी तपासत होती. माणूस कुठल्याही भाषेत बोलो, शहरातला असो की खेड्यातला, यंत्राला सारखंच कळतं का, हे बघायचं माझं काम. त्यासाठी मी मावशींच्या गावाला, वडिवळ्याला गेले. बायका लाजत होत्या. मावशींनीच त्यांना दटावलं, "बोला गं, आपलीच पोर हाय." यंत्र चुकलं तर कंपनी ते सुधारेल, असा शब्द मी सगळ्यांना दिला.

"भाताव करपा पडलाय, काय फवारू?" मावशींनी फोनला इतक्या काळजीनं विचारलं, की मला हसू आलं.

यंत्राला ओ की ठो कळलं नाही. तोच प्रश्न मी माझ्या शहरी मराठीत विचारला, तर औषधाच्या मापासकट उत्तर! मी तसं कळवलं. साहेब म्हणाले, "रेकॉर्डिंग खराब असेल. 'अस्पष्ट'मध्ये टाका." यंत्राला गुण देताना अस्पष्ट आवाज धरत नसत. आवाज खणखणीत होता. तुम्ही ऐकला असता तर तुम्हीही हेच म्हणाला असता. तरी मी टाकले, एकेक करून, सगळ्या बायकांचे. नोकरी नवी होती. अहवालात आलं, यंत्र कुणातही भेदभाव करत नाही.

पुढच्या हंगामात ते गावातल्या फोनांवर आलं. मावशींनी बायका जमवल्या आणि मोठ्या रुबाबात प्रश्न विचारला. "कृपया स्पष्ट बोला," यंत्र म्हणालं. पुन्हा विचारला, पुन्हा तेच. बायका हसल्या, मग त्यांनाही हसवेना.

दुसऱ्या दिवशी मावशी एसटीनं थेट माझ्या दारात. "पोरी, आमचं तू फुडं धाडलंच न्हाईस व्हय?"

मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. मी त्यांचा विश्वासघात केला, याला दुसरा शब्द नाही.

"तुला कळत व्हतं का, मी काय बोलत व्हते ते?"

"कळत होतं, मावशी. शब्द न् शब्द."

"मग झालं तर. मशिनीव काय राग धरायचा? तिला मी कुटं आपली म्हनलं व्हतं?"

चहा न घेताच त्या उठल्या. आता मी फोन केला की मावशी उचलतात. माझं सगळं ऐकून घेतात. बोलत मात्र नाहीत.